प्लेट कोणी भरली?

"प्लेट कोणी भरली?"

"मी, सर."

सरांनी रक्त तपासायची ती खळग्याखळग्यांची प्लॅस्टिकची प्लेट उचलली आणि माझ्या तोंडावर हाणली. कोपरा भुवईत घुसला. खळग्यांतलं पिवळं पाणी डोळ्यात गेलं. त्यात ऍसिड असतं.

"तुझं काम उंदरांच्या माना मोडायचं. तेवढंच करायचं."

आमची प्रयोगशाळा माणगावच्या पुढे आहे. उंदरांना औषध टोचतात, मग मान मोडून मारतात आणि त्यांच्या रक्तातलं एक एन्झाइम किटमधल्या प्लेटवर मोजतात. किटवर दोघं जण असत. पदवी आम्हा तिघांचीही एकच. मला पहिल्याच दिवशी उंदरांच्या खोलीत पाठवलं. "तुमच्यात सवय असते," सर हसून म्हणाले होते. तुमच्यात म्हणजे कुणात, हे सगळ्यांना कळलं. आम्ही बौद्ध.

नवीन किटचा खोका आला की फ्रिजपुढे नारळ फुटे. नारळ सरांच्या रेवदंड्याच्या वाडीतला. खोबरं इतरांच्या हातावर ठेवत, माझ्या हातावर वरून टाकत. मी खात असे.

त्या दिवशी किटवरचे दोघंही आले नव्हते. सरांनीच फोनवर सांगितलं, "कोणीही करा, आज रीडिंग पाहिजे." मी केलं.

नळाखाली डोळा धुतला. भुवईतून रक्त गळत होतं. सरांनी मागून वेणी धरली, डोकं टेबलावर दाबलं.

"सांडलंय ते पूस."

मी वळले. माझा हात त्यांच्या मानेवर गेला. अंगठा कानामागे, बोटं पलीकडे. रोजची पकड. त्यांच्या हातातली वेणी सुटली. आणखी थोडा जोर लावला असता, तर मान मोडली असती.

मी हात काढला. दया आली नव्हती. त्यांनी मला दिलेलं काम मला त्यांच्यावर करायचं नव्हतं. तिथेच उभं राहून पोलिसांना फोन लावला.

भुवईला टाके पडले. पोलीस ठाण्यात माझे काका आले. "पोरी, माफी मागतोय ना तो. तक्रार घे मागं. नोकरी तरी ऱ्हाईल."

"न्हाय, काका."

"आन् उद्या?"

उद्या कामावर जाणार. राजीनामा देणार नाही. उंदरांच्या खोलीत पाय ठेवणार नाही. किटच्या टेबलावर बसणार. पुन्हा कोणी वेणीला हात घातला, तर तो हात मोडणार.

हे मी हवालदारासमोर म्हणाले. त्याने पेन खाली ठेवलं.

मी पुन्हा म्हणाले. सावकाश, त्याला लिहिता येईल असं.