आयुधपूजेचा फ्रीजर

आमचे सर, म्हणजे माझ्या पीएच.डी.चे गाइड, उंटावरून शेळ्या हाकणाऱ्यांपैकी. आपले आजोबा इथल्या संस्थानच्या महाराजांच्या घोडदळात होते, हे त्यांच्या जयलक्ष्मीपुरम वस्तीतल्या कट्ट्याकट्ट्यावर सांगून झालेलं. स्वतः मात्र कधी साधा फ्लास्क विसळला नाही.

माझं काम होतं बेंझिनचं कडं वाकवायचं. हे कार्बनचं कडं स्वभावानं ताटासारखं सपाट. समोरासमोरच्या दोन कार्बनना आखूड साखळीनं बांधलं, की ते धनुष्यासारखं ताणलं जातं आणि सुटायची संधी शोधत बसतं. कडाक्याच्या थंडीत टिकतं. ऊब लागली की रेणू एकमेकांना चिकटून डिंक होतो. हे सरांनीच शिकवलं होतं, रंगीत खडूनं, मिशीला पीळ देत.

खपून खपून एक बाटली जमली होती. दसऱ्याची सुट्टी संपली की ती बर्फात घालून बेंगळूरला न्यायची. तिथल्या मोठ्या मशीनवर कडं खरंच वाकलेलं दिसलं तर पदवी; नाहीतर लष्कर मोहल्ल्यात बाबांच्या शिलाईच्या दुकानात काजं करत बसायचं, स्थळं येईपर्यंत.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी, आयुधपूजेला, आमच्या दुकानातही मशीनला हळदकुंकू लावून विश्रांती देतात. माझी काही तक्रार नाही. शिलाई मशीन एक दिवस बसलं म्हणून कुणाचं ब्लाउज नासत नाही. पण लॅबमध्येही पूजा असते, म्हणून मी फ्रीजरवर मोठ्या अक्षरांत कागद चिकटवला: बंद करू नये. शिवाय सरांना तोंडी सांगितलं.

"अय्यो, मला शिकवतेस काय गं? सुम्ने, गुपचूप घरी जा," म्हणाले.

परत आले तर फ्रीजरचा प्लग लोंबतोय. दाराला झेंडूची माळ, आणि कुंकवाची बोटं बरोबर माझ्या कागदावर. बाटलीत पिवळट डिंक. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"एक दिवस आयुधांना विश्रांती नको का?" सर म्हणाले. "सगळी बटणं मी स्वतः बंद केली."

लॅबमध्ये त्यांनी स्वतःच्या हातानं केलेलं ते पहिलं काम.

सगळं पहिल्यापासून केलं. रडत केलं, शिव्या देत केलं. बेंगळूरच्या मशीनवर नंबर लागला तो नेमका पुढच्या दसऱ्यानंतरचा. त्या आयुधपूजेला मी सकाळीच फ्रीजरशेजारी खुर्ची टाकली आणि प्लगवर हात ठेवून बसले. सर तबक घेऊन आले.

"ऊठ गं. देवीला राग येईल."

"येऊ दे, सर. तुमच्यापेक्षा तिला केमिस्ट्री जास्त कळते."

घोडदळाचा नातू लालबुंद झाला. दोन फुलं फ्रीजरवर टाकून निघून गेला.

कडं वाकलेलंच निघालं. पदवीच्या तोंडी परीक्षेला बाहेरगावाहून आलेले परीक्षक म्हणाले, असला नाजूक पदार्थ सांभाळणं म्हणजे कमाल आहे. सर लगेच पुढे सरसावले, "आमच्या लॅबमध्ये पूजेलासुद्धा फ्रीजर बंद होत नाही. नियमच केलाय मी."

परीक्षकांनी माझ्याकडे पाहिलं. सरांनीही पाहिलं, जरा घाबरून.

"हो, नियम आहे," मी म्हटलं. "सर विसरू नयेत म्हणून मी खुर्ची टाकून बसते."