तीनशे शब्दांतली हापशी

माझे सासरे २०२०च्या फेब्रुवारीत अमरावतीहून डब्लिनला सहा आठवड्यांसाठी आले आणि तेरा महिने राहिले. विमानंच बंद झाली, त्याला ते तरी काय करणार! त्यांच्या व्हिसाची मुदत संपत आली तशी मी घाबरले, पण इथल्या सरकारने सगळ्यांचीच मुदत परस्पर वाढवून टाकली. ही बातमी मी मोठ्याने वाचून दाखवली तेव्हा घरात सगळे खूश झाले, एक सासरे सोडून.

"अर्ज न करताच?" ते म्हणाले. "असं कसं करते हे लोक? उद्या कोणी विचारलं तर रेकॉर्ड कुठून दाखवतीन?"

ते कलेक्टर कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेले. अर्ज, सोबतची कागदपत्रं, पोच आणि जावक क्रमांक यांच्यावर त्यांची जेवढी श्रद्धा होती तेवढी देवावरही नसावी. डब्लिनच्या क्लोनडॉकिन भागातल्या आमच्या घरात त्यांना करायला काही नव्हतं. रोज सकाळी ते पत्रपेटीत येणारी पिझ्झाची जाहिरातपत्रकंसुद्धा तारखेप्रमाणे लावून ठेवायचे.

त्याच वर्षी मी नोकरी शोधत होते. नवरा चिपच्या कारखान्यात, त्याच्या शिफ्ट लॉकडाउनमध्येही चालूच. मी मात्र नऊ वर्षं घरी. लग्नाआधी मी आमच्याच भागातल्या एका जिल्ह्याच्या पाणी-तपासणी प्रयोगशाळेत काम करायचे. इथे आल्यावर मुलगी लहान होती, मग नोकरीला माझा व्हिसा आडवा आला आणि तो सुटेपर्यंत लोकांना 'मी केमिस्ट होते' असं सांगायची मला सवय लागली. त्या 'होते'चा मला मनापासून राग यायचा. उन्हाळ्यात एका सरकारी जागेसाठी अर्ज केला तर पहिल्याच चाळणीत बाहेर. कारण विचारलं, तर उत्तर आलं की तुमच्या लिखाणातून तुम्ही स्वतः नेमकं काय केलंत ते कळत नाही.

ऑक्टोबरमध्ये पुन्हा जाहिरात निघाली आणि या वेळी चक्क पाणी तपासायच्या प्रयोगशाळेची. मी तीनदा वाचली. ही गेली तर मी पुन्हा अर्ज करणार नाही, शिवणाचा क्लास लावीन, असं मी घरात जाहीर करून टाकलं. मला साधी उशीची खोळही शिवता येत नाही, त्यामुळे धमकी किती खरी आहे ते सगळ्यांना कळलं.

इथल्या सरकारी अर्जात पदवी आणि अनुभव या गोष्टी अर्ध्या पानात उरकतात. खरी परीक्षा पुढे. निर्णय घेता येतो का, लोकांना समजावता येतं का, हातात घेतलेलं तडीस नेता येतं का, असे निकष असतात आणि प्रत्येकाखाली एक रिकामी चौकट. तिच्यात तीनशे शब्दांत आपल्या आयुष्यातला एक खराखुरा प्रसंग लिहायचा. मी कष्टाळू आहे, प्रामाणिक आहे, असलं काही चालत नाही.

मी लिहिलं : 'वरिष्ठांच्या मार्गदर्शनाखाली पाण्याच्या नमुन्यांची नियमित तपासणी वेळेत पूर्ण केली.' सासऱ्यांनी चष्मा चढवून वाचलं आणि समाधानाने मान हलवली. त्यांच्या मते त्यात 'मा.' तेवढं राहिलं होतं, माननीय वरिष्ठांच्या.

"बाबा, पण यांना मी काय केलं ते हवंय."

"आपणच आपलं कसं सांगाव? ते वरिष्ठ सांगतीन गोपनीय अहवालात. आणि कागदं कुठी हायेत सोबतची?"

कागद मागितलेलेच नाहीत, हे त्यांना पटवता पटवता माझा घसा बसला. अर्जासोबत साक्षांकित प्रती नाहीत म्हणजे तो अर्जच नाही. आता भारतातही आपली कागदपत्रं आपणच सही करून साक्षांकित करता येतात, असं मी सांगितलं. ते आणखीच बिथरले. "स्वतःच स्वतःले खरं म्हणाव? वा रे वा!"

आता जे सांगते ते सांगताना मला आजही हसू येतं आणि लाजही वाटते. शेवटी मलाच वाटायला लागलं की प्रती जोडलेल्या बऱ्या. उगाच एवढ्यासाठी अडायला नको. ऑनलाइन फॉर्मला त्या जोडणार कुठे, हा प्रश्न आम्हा दोघांनाही पडला नाही. दहावीपासून एमएस्सीपर्यंतच्या चौदा प्रती काढल्या, सासऱ्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला आणि मास्क लावून आम्ही त्या साक्षांकित करून घ्यायला कालव्याच्या कडेने चालत पोलीस स्टेशनला निघालो. पाच किलोमीटरच्या बाहेर जायला तेव्हा बंदी होती, पण नशिबाने ठाणं आत होतं.

काचेमागे एक तरुण गार्डा, म्हणजे इथला पोलीस, बसला होता. मी चौदा प्रती आणि चौदा मूळ कागद काचेखालच्या फटीतून सरकवले.

"कशासाठी हव्यात?" त्याने विचारलं.

"सरकारी नोकरीच्या अर्जासाठी."

"अर्जात मागितल्यात?"

"नाही."

त्याने माझ्याकडे बघितलं, मग सासऱ्यांच्या शर्टाकडे. हसला नाही, हे त्याचे उपकार. "मग यू आर ग्रँड," म्हणजे काही गरज नाही, असं म्हणाला आणि कागद नीट जुळवून परत सरकवले. आमच्या मागे कुणी नव्हतं आणि त्यालाही बहुतेक कंटाळा आला असावा, कारण त्याने विचारलं, "नोकरी कसली?"

"पाणी तपासायची."

तो एकदम पुढे सरकला. त्याच्या आईचं गाव पश्चिमेला, तिथल्या पाण्यात काहीतरी निघालं होतं आणि बिचारी कित्येक महिने प्यायचं पाणी उकळून घेत होती. "तुम्ही असं कधी पकडलंय का? म्हणजे, पाणी वाईट आहे म्हणून?"

आणि मी जी गोष्ट दहा वर्षं कुणालाच सांगितली नव्हती, ती एका अनोळखी पोलिसाला काचेतून सांगितली.

आमच्याकडे एका गावच्या तीन हापश्यांच्या पाण्याचे नमुने यायचे, दर महिन्याला उत्तम. पण एक दिवस जुन्या नोंदी चाळताना लक्षात आलं की सलग तीन महिने त्या पाण्याचे आकडे तालुक्याच्या नळाच्या पाण्याशी दशांशापर्यंत जुळताहेत. जमिनीखालचं पाणी आणि नळाचं पाणी इतकं सारखं नसतं. गाव फाट्यापासून चार किलोमीटर आत होतं आणि नमुने आणणारे काका स्टँडजवळच्या हॉटेलातच बाटल्या भरून घेत होते! साहेब दौऱ्यावर होते. मी कुणाला न विचारता बाटल्या पिशवीत घातल्या, एसटी पकडली, उरलेलं चालत गेले. गावातल्या पोरांचे दात पिवळे-तपकिरी झालेले बघून तपासणीआधीच उत्तर कळलं. पाण्यात फ्लोराइड होतं, भरपूर. तीनपैकी दोन हापश्या वाईट निघाल्या. अशा हापशीला लाल रंग द्यायचा असतो, पण रंगारी येईना, म्हणून मीच ऑइलपेंटचा डबा आणून दोन्ही रंगवल्या. तर बायका माझ्याच अंगावर आल्या. लाल केलीस, आता पाणी काय तुझ्या घरून आणू? बरोबरच होतं त्यांचं. चांगली हापशी शाळेपाशी होती आणि मी नमुना घेऊन गेल्यावर नेमका तिचाच दांडा तुटला होता. मेकॅनिकला मी दोन आठवडे रोज फोन केला. शेवटी माझा आवाज ऐकायला नको म्हणून त्याने तो दांडा बसवला.

"आणि मग काय बक्षीस दिलं तुम्हाला?" गार्डाने विचारलं.

"नोटीस," मी म्हटलं. विनापरवानगी मुख्यालय सोडल्याबद्दल कारणे दाखवा.

"तुम्हालाच ओरडले?" त्याने कपाळावर हात मारला. "फेअर प्ले टू यू, शाब्बास तुमची! हे लिहिलंत ना अर्जात?"

नव्हतं लिहिलं. कसं लिहिणार? नोकरीच्या अर्जात आपणहून नोटीस लिहिणारी बाई मला तरी माहीत नाही.

आम्ही परत निघालो. सासऱ्यांना इंग्रजी वाचता यायचं, पण इथला उच्चार डोक्यावरून जायचा. कालव्यावरच्या पुलापाशी थांबून त्यांनी विचारलं, "तुमचं दोघांचं एवढं काय चाललं होतं? तो पोलीस तं खुर्चीतून उठून ऐकून राहिला होता."

मी मराठीत सगळं पुन्हा सांगितलं. नोटिशीसकट. लग्नाच्या वेळी हे त्यांना कळलं असतं तर काय झालं असतं कोण जाणे, असं सांगताना मनात येत होतं.

"खुलासा काय दिला होता?"

"चूक झाली, पुन्हा होणार नाही, असा."

ते पुलाच्या कठड्याला टेकले. कालव्यात दोन हंस होते, त्यांच्याकडे बघत राहिले. घरी आल्यावर फक्त एवढंच म्हणाले, "मेमोचं अर्जात लिहू नको, बाई. वाईट दिसते ते." मी चहा टाकला आणि तो विषय संपवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते आंघोळीच्याही आधी स्वयंपाकघरात आले. त्यांचे डोळे तांबारलेले होते.

"मी बत्तीस वर्षं अशा नोटिसा काढल्या," ते म्हणाले. "साहेब सांगे, मी लिहो. खुलासा आला का फक्त माफी मागितली हाये का नाही, तेवढं पाहो. कोण कायले गेलं होतं, हे मी कोणाले कधीच इचारलं नाही." मग खुर्ची ओढून बसले. "तू लिही. सारं लिही. नोटीसबी लिही."

मला रडू येईल असं वाटलं, पण आलं हसूच, कारण त्यांनी लगेच विचारलं, "समास किती सोडाचा?"

पुढचे चार दिवस घरात दुसरा विषय नव्हता. पहिला खर्डा नऊशे शब्दांचा झाला. आमच्या आठ वर्षांच्या लेकीने शब्द मोजायचं काम स्वतःकडे घेतलं. तिला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र आयरिश हेलाच्या इंग्रजीत येतं. "मम्मा, स्टिल टू लाँग," असं ती दर तासाला ओरडायची. नमुनेवाल्या काकांना वाचवायचं म्हणून मी हॉटेल गाळलं, तर सासऱ्यांनी ते परत घालायला लावलं, पण काकांचं पद खोडलं. मेकॅनिकचे फोन नवऱ्याने वाचवले. तो म्हणाला, तू चिकट आहेस हे सरकारला कळू दे, आम्हीच किती सहन करायचं! शेवटी हापशी, रंग, बायका आणि नोटीस दोनशे अठ्ठ्याण्णव शब्दांत बसली. उरलेले दोन शब्द सासऱ्यांना 'आपली विश्वासू'साठी हवे होते. मी दिले नाहीत.

जानेवारीत व्हिडिओवर मुलाखत झाली. लॅपटॉप इस्त्रीच्या टेबलावर ठेवला होता. कॅमेऱ्यात येणार नाहीत अशा बेताने सासरे कोपऱ्यात, तोच इस्त्रीचा शर्ट घालून, ताठ बसले होते. पडद्यावर तिघं होती. त्यातल्या बाईंनी शेवटी विचारलं, "आज पुन्हा असा प्रसंग आला तर काय वेगळं कराल?"

"परवानगी मागेन," मी म्हटलं. "पण उत्तराची वाट बघत बसणार नाही. जाईन."

ती तिघंही हसली. कोपऱ्यात कुणीतरी खाकरलं.

फेब्रुवारीच्या शेवटी पत्र आलं. मी यादीत दुसरी होते आणि जागा दोन होत्या. आधी मी किंचाळले, मग लेक किंचाळली, मग रात्रपाळी करून झोपलेला नवरा काहीतरी पेटलं असं समजून धावत खाली आला. त्या दिवशी मी केलेला शिरा खाली लागला, तरी सगळ्यांनी दोनदा मागून घेतला. मी केमिस्ट आहे, असं मी दिवसभर उगाचच कुणाला ना कुणाला सांगत होते, अगदी पार्सल घेऊन आलेल्या माणसालाही.

पत्रात पदवीची प्रत मागितली होती. फोनवर काढलेला फोटो चालेल, असंही लिहिलं होतं. सासऱ्यांनी ती ओळ दोनदा वाचली आणि पत्र खाली ठेवलं. त्यांचं परतीचं तिकीट पुढच्या आठवड्याचं होतं.

"तुझं ते उत्तर छापून दे मले," ते म्हणाले. "हापशीचं."

मी छापून दिलं. ते जेवणाच्या टेबलाशी बसले, चष्मा पुसला, पेनाचं टोपण काढलं आणि इंग्रजीतले ते दोनशे अठ्ठ्याण्णव शब्द बोट फिरवत पहिल्यापासून वाचले. मग समासात, बत्तीस वर्षं फायलींवर चाललेल्या त्या सुरेख तिरक्या अक्षरात, मराठीत लिहिलं :

'खुलासा वाचला. समाधानकारक आहे.'

खाली सही केली, तारीख घातली आणि कागद माझ्याकडे सरकवत म्हणाले, "दहा वर्षं उशीर झाला, बाई. पोच दे."

मी पोच दिली.