तीन लाल चिंध्या आणि एक कंस

मेहरूणमधल्या आमच्या विहाराच्या भांड्यांच्या कपाटाची किल्ली माझ्याकडे असते. मी चौथीपर्यंत शिकलेली. मला मोजता येतं आणि मी कुणाची भीड धरत नाही, म्हणून बायकांनी ती माझ्याकडे दिली.

आमच्याकडे स्टीलचे ग्लास दहा-दहाच्या गाठोड्यात बांधतात. अशी वीस गाठोडी. एखादा ग्लास हरवला तर दुसऱ्या गाठोड्यातून काढून भरती करायची नाही, त्या गाठीला लाल चिंधी बांधायची. एक चिंधी म्हणजे एक ग्लास कमी. त्या वेळी तीन गाठोड्यांना चिंधी होती. ज्याच्या हातून ग्लास हरवला त्याने रविवारी वंदनेनंतर उभं राहून सगळ्यांसमोर सांगायचं, हीही आमची रीत.

डोळ्यांना कमी दिसायला लागलं तेव्हा वही मी नातीकडे दिली. ती आठवीत.

"आजी, भरल्या गाठोड्यात जितके ग्लास असतात ते एक्स धर."

"दहा असतात. एक्स कशाला?"

"उद्या तुम्ही बाराची गाठोडी बांधली तर? एक्सच्या जागी बारा टाकायचे. बाकी लिहिलेलं तसंच."

मला पटलं. विहाराचे सगळे ग्लास तिने लिहिले, 20x − 3. वीस गाठोडी आणि तीन ग्लास कमी. म्हणजे एकशे सत्त्याण्णव.

गल्लीच्या टोकाला धुळ्याकडची एक विधवा राहते. दोन घरी धुणीभांडी करते. मुलीच्या साखरपुड्याला तिने आठ गाठोडी नेली. चिंधीची तिन्ही मी तिलाच दिली, कपाटात चांगली राहावीत म्हणून. तिच्या जागी दुसरी कुणी असती तर दिली असती का, हे मला कुणी विचारलं नाही. नातीने लिहिलं, गेले 8x − 3. कपाटात किती उरले तेही तिने वहीतच सोडवलं. उत्तर आलं 12x − 6, म्हणजे एकशे चौदा. मी कपाट मोजलं नाही. वहीत आकडा होता.

शुक्रवारी दुपारी ती बाई ग्लास घेऊन आली. मोजले, सत्त्याहत्तर. नातीने त्यात कपाटातले एकशे चौदा मिळवले. एकशे एक्क्याण्णव झाले.

"आजी, सहा कमी."

विहारात चार बायका चटया झटकत होत्या. त्या थांबल्या.

"पाहुण्यांनी सरबतासकट गिळले वाटतं," एक म्हणाली.

दुसरी हसली नाही. "रोज लोकांची भांडी हिच्या हाताखालून जातात. सहा ग्लासांचं काय ते!"

या दुसरीनेच तिला एका घरचं काम मिळवून दिलं होतं. रविवारी हिचं नाव निघालं तर सोमवारी ते दार बंद झालं असतं, आणि त्याच्या मागोमाग दुसरंही. हे तिथल्या प्रत्येकीला माहीत होतं. मलाही.

तरी मी म्हणाले, "पाहुण्यांकडे विचार. रविवारपर्यंत आण, नाहीतर उभी राहा."

"अक्का, मी चोर शे का?"

"चोर कोण म्हणतंय? सहा कमी आहेत एवढंच म्हणते."

"एकच झालं ते. तुम्ही कपाट मोजलं का?"

"वहीत आहे."

"वही नका दाखवू मला. कपाट उघडा. बठ्ठा गिलास आठेच शेतस."

सगळे ग्लास इथेच आहेत म्हणते! मला राग आला. माझ्या नातीचं गणित ही बाई खोटं ठरवते! कमरेची किल्ली काढली. ती कुलपात दोनदा अडकली. कपाट उघडलं तेव्हा ती बाई दोन पावलं मागे सरली आणि हात पाठीशी बांधून उभी राहिली. हात लावला असं उद्या कुणी म्हणायला नको.

मी एकेक गाठ सोडली आणि मोठ्याने मोजलं. दहा. वीस. तीस. सहाव्या गाठोड्यापर्यंत एकाही गाठीला चिंधी दिसली नव्हती. तरी बाराही मोजली. एकशे वीस. बाहेरचे सत्त्याहत्तर मिळवले की एकशे सत्त्याण्णव. एकही ग्लास कमी नव्हता.

नातीने वही ओढली. "आजी, कंसाच्या आधी वजा होतं."

"सगळ्यांना कळेल असं सांग."

तिने लिहिलं होतं, 20x − 3 − (8x − 3). कंस सोडताना बाहेरच्या वजाने आतलं वजा तीन हे अधिक तीन व्हायला हवं होतं. तिने ते वजाच ठेवलं. "चिंध्या त्यांच्या घरी गेल्या होत्या. कपाटातली तूट तिथेच संपली. मी ती संपवायची सोडून आणखी तीनने वाढवली. उत्तर नुसतं 12x पाहिजे होतं."

ती रडायला लागली. मी म्हटलं, "रडू नको. तुझं एक चिन्ह चुकलं. चिंधीची गाठोडी कुठे गेली ते मला ठाऊक होतं, मीच निवडून दिली होती. तरी मी कपाट उघडलं नाही."

ती बाई रिकामी पिशवी घडी करून निघून गेली.

रविवारी वंदनेनंतर मी उभी राहिले. ग्लास हरवला नव्हता, पण न मोजता एका बाईला सगळ्यांसमोर उभी राहा म्हटलं होतं, ते तसंच सांगितलं. चटयांपाशी बोललेली बाई खाली बघत बसली. त्या विधवेची दोन्ही घरची कामं टिकली. माझ्याशी ती महिनाभर बोलली नाही, आणि मी तिला बोलायला लावलं नाही.

लग्नाच्या वेळी ती पुन्हा ग्लास न्यायला आली. गाठोडी तिने माझ्यासमोर सोडली, एकेक ग्लास मोजून परत बांधला. मला उशीर होत होता, पण मी बसून राहिले. मग तिने नातीकडे बोट केलं.

"हिला सांगा, कंस माझ्यासमोर सोड."