शिक्रा, चिचुंद्री आणि मी

चिचुंद्रीचा उग्र वास आला, की मला सासरची कुटाराची, म्हणजे गुरांच्या भुशाची खोली आठवते. लग्न नवीनच होतं. मी टोपल्यात कुटार भरत होते, तेवढ्यात कोंबडीची पिल्लं उचलणारा शिक्रा एका चिचुंद्रीमागे आत घुसला. सासूबाईंनी बाहेरून कडी लावली. "नेतं पिल्लं? मर आता आतच!" शिक्रा उजेडाकडे झेपावत खिडकीच्या जाळीवर धडका देत राहिला. चिचुंद्री मात्र भिंतीला घासत गेली आणि बुडाशी असलेल्या भोकातून निसटली. मला आभाळ दिसत होतं, आणि भोकात मी मावत नव्हते. "आत्याबाई, मी आत हाये!" मी ओरडले. "माहीत हाये मले. पाखरू मरू दे पयले." अजूनही कुठल्याही खोलीत शिरले, की मी खिडकी नाही, आधी भिंतीचं बूड बघते.