अण्णांचा पाइप

वडिलांना आम्ही अण्णा म्हणत असू. ते सोलापुरातल्या एका गिरणीत हेडक्लार्क होते आणि मी मुलींच्या शाळेत दुसरीचा वर्ग घेत होते. एकोणीसशे तीस सालानंतरची ही गोष्ट. मला तेव्हा एकोणिसावं वर्ष लागलं होतं. घरात आई, अण्णा आणि मी, एवढीच माणसं. एका सकाळी अंघोळीला गेलेले अण्णा मोरीतच कोसळले. उजवं अंग गेलं, वाचा गेली. उरलं ते एक 'हं'. त्या 'हं'मधून पाणी हवंय, कूस बदलायचीय की माशा बसताहेत, हे आम्ही हळूहळू ओळखायला शिकलो.

अण्णांना विडीची सवय होती. आईला तो वास सोसत नसे, म्हणून गिरणीतून आले की माळवदावर जाऊन दोन विड्या ओढून येत. आजारपणाला दोनेक महिने झाले आणि ते डाव्या हाताची दोन बोटं ओठांशी नेऊ लागले. पहिले काही दिवस आईनं बघून न बघितल्यासारखं केलं. मग तीच मला म्हणाली, "दे बाई त्यांना काय हवं ते. आता राहिलंय काय दुसरं?"

पण लुळ्या ओठांत विडी ठरेना. एकदा ती त्यांच्या तोंडात देऊन मी पाणी आणायला आत गेले. परत आले तर कापड जळल्याचा वास येत होता. पेटती विडी बंडीच्या आत घरंगळली होती आणि अण्णा आढ्याकडे बघत निपचित पडले होते. छातीवर रुपयाएवढा फोड आला होता. 'हं' म्हणायचं बळ त्यांच्यात होतं, तरी ते का म्हणाले नाहीत, हे विचारायची मला भीती वाटली.

डॉक्टर फोडाला मलम लावायला आले. ते म्हणाले, "बंद करा असं सांगायला हवं. पण बंद करून यांचं काय भलं होणार आहे? साहेबलोक ओढतात तसला पाइप आणा. विस्तव आतल्या आत राहतो आणि दातांत धरता येतो."

रविवारी दुपारी मी लष्कर भागात गेले. तिथं गोऱ्या अधिकाऱ्यांना लागणाऱ्या जिनसा ठेवणारं एक दुकान होतं. मालक मेंदी लावलेल्या दाढीचे वयस्कर मुसलमान गृहस्थ होते. पाइप म्हटल्यावर त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं.

"किसके वास्ते होना, बेटी?"

"वडिलांसाठी."

"तो उन्होंच आते तो अच्छा था. तोंडात धरून बघावा लागतो पाइप."

मी त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी बाहेर काढलेले मखमलीच्या पेटीतले पाइप परत ठेवले आणि खालच्या खणातून तीन काढून माझ्यासमोर मांडले. त्यातला पांढऱ्या मातीचा अगदी हलका होता. तो मी उचलणार तोच ते म्हणाले, "नक्को. हा फार तापतो, आणि पडला की संपला." दुसरा सालीसकट लाकडाचा, सरळ दांडीचा. अण्णांचे डावीकडचे चारच दात भरवशाचे होते. मी त्या पाइपाची दांडी टोकाशी दोन बोटांत धरून पाहिली, तर पुढचा भाग झुकून खाली गेला. तिसरा लहान आणि वाकड्या दांडीचा होता. कसल्याशा झुडपाच्या मुळाचं लाकूड, ते जळत नाही, असं ते म्हणाले. बाजूला एक भोक होतं, ते लुकणानं बुजवलेलं दिसत होतं.

"म्हणून स्वस्त आहे," ते म्हणाले. "दिसायला वाईट, ओढायला नाही. चमकतात ते घेऊ नकोस, ताप लागला की त्यांचा रंग फुटतो." त्यांनी केरसुणीचा एक हीर दांडीतून आत घातला. तो तंबाखू भरायच्या वाटीच्या थेट तळाशी निघाला. "हे बघून घ्यायचं. दांडीचं भोक वर निघालं तर खालची तंबाखू ओली राहते." मग त्यांनी डब्यातली तंबाखू चिमटीनं भरून दाखवली, खाली सैल, वर जरा दाबून. "पहिले आठ दिवस अर्धाच भरायचा. घाई केली तर जीभ भाजते."

मी वाकड्या दांडीचा घेतला. अण्णांची जीभ भाजेल, एवढीच मला काळजी होती.

घरी येऊन मी पाइप भरला, दांडी अण्णांच्या डाव्या दातांत दिली आणि काडी लावली. त्यांनी ओढलं, पण ओठांच्या लुळ्या उजव्या बाजूनं नुसता वारा आत आला. काडी विझली. मी दुसरी लावली, तिसरी लावली. अण्णांच्या कपाळावर घाम आला, तोंडातून लाळ गळू लागली, आणि प्रत्येक वेळी ते पुन्हा ओढून बघत. शेवटी त्यांनी डोळे मिटले. दारात उभी असलेली आई मला म्हणाली, "मी आत जाते. मी काही पाहिलं नाही." तिनं जाताना दार लोटून घेतलं.

मी दांडी पदराला पुसली आणि स्वतःच्या तोंडात धरली. पहिल्या झुरक्याला घशात आग झाली. खोकून खोकून डोळ्यांना पाणी आलं. पण वाटीतली तंबाखू लाल झाली. मी पाइप लगेच अण्णांच्या दातांत दिला. पेटलेला पाइप चालू ठेवायला फार जोर लागत नाही. निम्म्या तोंडानं ते हळूहळू ओढू लागले, आणि त्यांच्या चेहऱ्याची जिवंत बाजू सैल झाली. इतक्या महिन्यांत मी ती तशी पाहिली नव्हती.

त्या दिवसापासून रोज शाळेतून आल्यावर दार लोटायचं, पाइप भरायचा, मी पेटवायचा. कधी मध्येच विझे, मग पुन्हा मीच. नंतर मी चूळ भरी, वेलदोडा चघळी. माझी जीभ आठ दिवस भाजलेली होती. मग ती भाजेनाशी झाली.

पुढच्या थंडीत वैरागहून मला बघायला मंडळी आली. मुलगा शिक्षक होता, सोबत त्याची आई आणि आत्या. मी शिकलेली आहे आणि नोकरी करते, हे त्यांना चालणार होतं. मुलाला विचारायचं होतं ते त्यानं विचारलं आणि तो ओट्यावर जाऊन बसला. आत्या मला कुंकू लावायला वाकल्या आणि तशाच थांबल्या.

"तंबाखूचा वास येतोय," त्या हळूच म्हणाल्या.

आई घाईनं म्हणाली, "मशेरी लावते हो ती कधीमधी."

"मशेरीचा वास मला कळतो, वहिनी. हा धुराचा आहे."

तेव्हा मीच बोलले, "अण्णांना पाइप पेटवून द्यावा लागतो. त्यांना स्वतःला ओढून पेटवता येत नाही."

आत्या माझ्याजवळ बसल्या. बाई वाईट नव्हत्या. माझा हात हातात घेऊन म्हणाल्या, "पोरी, तुझं काही चुकलं असं मी म्हणत नाही. पण घरी गेल्यावर चार माणसांना मी काय सांगू? सून चिलीम ओढते म्हणून?"

मधली भिंत पातळ होती. पलीकडे अण्णांची खाट होती.

मंडळी गेल्यावर मी पाइप भरला, पेटवला आणि अण्णांकडे नेला. त्यांनी दात घट्ट मिटले. मला वाटलं, चुकून. मी पुन्हा दांडी ओठांशी नेली. त्यांनी मान भिंतीकडे वळवली.

"अण्णा, मला त्याचं काही वाटलं नाही. घ्या."

'हं'सुद्धा आलं नाही. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. आईनं सांगून पाहिलं. डॉक्टरांनी सांगून पाहिलं. अण्णांनी जेवणही अर्ध्यावर आणलं होतं. ते रागावले होते की माझ्यासाठी सोडत होते, हे त्यांच्या तोंडावरून कळायला मार्ग नव्हता.

पाचव्या दिवशीही मी पाइप पेटवून त्यांच्यापुढे धरला. त्यांनी तोंड फिरवलं. पाइप माझ्या हातात जळत राहिला. मी तो विझवायला हवा होता. तसं न करता मी खाटेशेजारच्या स्टुलावर बसले आणि दांडी माझ्या तोंडात घेतली. एक झुरका घेतला, मग दुसरा. अण्णांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. डाव्या डोळ्यातून पाणी उशीवर उतरताना मला दिसलं. दिसूनही मी थांबले नाही. वाटीत राख उरेपर्यंत मी ओढत बसले. त्यांच्या इतकी जवळ मी कधी बसले नव्हते आणि त्यांच्यापासून इतकी दूरही कधी गेले नव्हते.

त्यानंतर मी त्यांच्यापुढे पाइप धरला नाही. मी न्हाणीमागे उभी राहून ओढत असे. आईला माहीत होतं. ती काहीच बोलत नसे, आणि तिचं न बोलणं मला सगळ्यात जड जाई.

उन्हाळा सुरू व्हायच्या आत अण्णा गेले. सकाळी मी दूध घेऊन गेले तर अंग गार होतं. दिवसवार झाले, पाहुणे पांगले. मग एकदा मी बाहेरून आले, तर आई बंबापाशी बसलेली. पाइप तिनं आत टाकला होता. ते लाकूड लवकर पेटेना. ती चिमट्यानं त्याला निखाऱ्यांत पुन्हा पुन्हा ढकलत होती.

दुसऱ्या दिवशी मी शाळेत गेले. मुली उभ्या राहिल्या, त्यांनी पाढे सुरू केले. मी फळ्याकडे तोंड करून उभी होते. अण्णांना जाऊन महिनासुद्धा झाला नव्हता, आणि माझ्या तोंडाला त्या धुरासाठी पाणी सुटत होतं. अण्णांसाठी मला रडू आलं नव्हतं. त्या पाण्यासाठी मात्र आलं. मुली सतराच्या पाढ्यावर अडखळल्या आणि पुढं काय म्हणायचं ते विचारू लागल्या. मला वळता येईना.