डिसेंबर एकोणीसशे अकरा

जगात आजवर महिना एकच होऊन गेला आणि तो म्हणजे डिसेंबर १९११, बाकीचे सगळे कॅलेंडर छापणाऱ्यांच्या सोयीसाठी आहेत, असं मनापासून मानणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. ते ह्यांचे मामा. म्हणजे माझ्या सासूबाईंचे मावसभाऊ. पण कुवेतमध्ये दुसरं कुणी नात्याचं नसल्यामुळे सख्ख्या मामाहून सख्खे. आम्हाला तिथे बोलावलं त्यांनी, ह्यांना एअरकंडिशनिंगच्या कंपनीत चिकटवलं त्यांनी, मला त्यांच्याच हॉस्पिटलच्या लॅबमध्ये टेक्निशियन म्हणून लावलं तेही त्यांनीच. कुवेतच्या अब्बासिया वस्तीत आमच्या डोक्यावरच्या मजल्यावर एका खोलीत ते एकटे राहत. पन्नाशी उलटलेली, लग्न केलेलं नाही, आणि हॉस्पिटलच्या रेकॉर्ड खात्यात पेशंटांच्या फायली नंबराने लावायचं काम. फायली लावून जो काही उत्साह उरे, तो सगळा त्या एका महिन्यावर खर्च होई.

त्यांच्या खोलीत भिंतीला एक लांब फळी होती आणि तिच्यावर एकतीस वह्या. प्रत्येक तारखेची एक. दोन तारखेच्या वहीत बादशहा मुंबईच्या बंदरावर उतरला होता, दहाच्या वहीत एका बाईला विज्ञानाचं सर्वांत मोठं बक्षीस दुसऱ्यांदा मिळालं होतं, बाराव्या वहीत दिल्लीचा दरबार भरून राजधानी कलकत्त्याहून हलली होती. ही बारावी वही इतकी फुगली होती की तिला सुतळी बांधावी लागे. चौदाव्या वहीत माणूस पहिल्यांदा दक्षिण ध्रुवावर पोचला होता. जुलैत कधी आमच्या बिल्डिंगची वीज गेली आणि कूलर बंद पडले, की मामा चौदा नंबरची वही घेऊन खाली येत आणि आम्हा घाम पुसणाऱ्या मंडळींना तिथल्या बर्फाचं वर्णन वाचून दाखवत. त्याने गार वाटतं असं त्यांचं प्रामाणिक मत होतं. ह्यांनी एकदा अटलांटिकमध्ये बुडालेल्या त्या प्रचंड जहाजाचा विषय काढला, तर मामा जरासे दुखावून म्हणाले, "ते पुढच्या एप्रिलातलं. माझ्याकडे नाही."

हॉस्पिटलच्या बसमध्ये शेजारी नवा माणूस बसला की नाव-गाव विचारायच्या आधी ते विचारत, तुमच्या घरात अकरा सालच्या डिसेंबरात कुणी जन्मलंय का. असे कुणाकुणाचे आजोबा, मावश्या, एका मल्याळी नर्सची पणजी, सगळे त्या वह्यांत बादशहाच्या शेजारी मानाने बसले होते आणि वाढदिवसाला त्यांना कुवेतहून कार्डं जात. त्यांच्या खात्याचा मुख्य एक इजिप्शियन गृहस्थ होता, फार तापट. अरबी भाषेतला एक थोर कादंबरीकार त्या महिन्याच्या अकरा तारखेला जन्मला, हे कळल्यावर मामा दर वर्षी त्या दिवशी त्या गृहस्थासाठी मिठाई घेऊन जाऊ लागले. त्याने त्या लेखकाची एक ओळ वाचली नव्हती, पण आपल्या देशाचा असा मान राखणाऱ्या माणसावर तो पुढे कधी ओरडला नाही. आमच्या मुक्तानेही त्यांच्याकडून बरंच उचललं होतं. ती सहा वर्षांची, घरात आम्ही मराठीत बोलायचं आणि तिने इंग्रजीत उत्तर द्यायचं असा रिवाज. शाळेत बाईंनी भारताची राजधानी विचारली, तेव्हा तिने सांगितलं, अकरा तारखेपर्यंत कलकत्ता, मग दिल्ली. मला शाळेत बोलावणं आलं. मामांनी तिला चॉकलेट दिलं.

आम्ही हसायचो. मी तर जास्तच, त्यांच्या नकला करून मैत्रिणींना हसवायची. हे सगळं कशासाठी चाललंय ते मला पुष्कळ उशिरा कळलं. त्यांची आई त्या महिन्यातली. ती गुहागरच्या बाजूला गावी थोरल्या मुलाकडे राहत होती. जन्मतारीख कुणी लिहून ठेवलेली नव्हती. तिला एवढंच माहीत होतं, की बादशहा आला तेव्हा तिचे वडील त्याला बघायला मुंबईला गेले होते, ते बोटीने परत आले आणि चौथ्या दिवशी ती जन्मली. मामांना ती तारीख काढायची होती. तारीख काढायची म्हणजे बोट कधी सुटली ते बघायचं, बोट बघायची म्हणजे जुनी वर्तमानपत्रं, आणि त्यांत शोधता शोधता माणूस पार ध्रुवापर्यंत गेला.

सन नव्वदच्या जूनमध्ये मुंबईहून एका निवृत्त ग्रंथपालाचं पत्र आलं. त्यात त्या आठवड्यातल्या कोकणच्या बोटींची वेळापत्रकं उतरवून पाठवली होती. मामा पत्र घेऊन जिन्यावरून धावत आले. बादशहा उतरल्यानंतरची पहिली बोट गावच्या बंदराला पाच तारखेला लागली होती. आता प्रश्न एकच उरला, परत आलेला दिवस मोजायचा की नाही. मोजला तर आठ तारीख, नाही तर नऊ. त्यांनी दोन दिवस आमचं डोकं खाल्लं. शेवटी मीच म्हटलं, मामा, आईंनाच जाऊन विचारा ना, त्यांच्या तिकडे दिवस कसे मोजतात ते. ते म्हणाले, हे बरोबर आहे. जुलैच्या शेवटच्या आठवड्याचं विमानाचं तिकीट काढलं. सहा वर्षांत गावी गेले नव्हते.

आणि त्याच आठवड्यात मुक्ताला कांजिण्या आल्या. हे वफ्राला, तिथल्या शेतांवर काचघरांची थंड हवेची यंत्रं बसवायचं काम चालू होतं, आठवड्याने एकदा घरी येत. लॅबमध्ये निम्मी माणसं रजेवर, मला सुट्टी मिळेना. शेजारपाजारच्यांनी संसर्गाच्या भीतीने दारं लावून घेतलेली. मी मामांना म्हटलं, तिकीट पंधरा दिवस पुढे ढकलता आलं तर बघा. मी विनवणी केली नाही, रडले नाही. मीठ आणून द्या म्हणावं इतक्या सहज म्हटलं. ते लगेच हो म्हणाले. आईंना ह्या वयात पंधरा दिवसांनी काय फरक पडतो, असं वर मीच बोलले. दिवसभर ते मुक्ताजवळ बसून तिचे हात धरून ठेवत, तिने खाजवू नये म्हणून, आणि एकेक वही वाचून दाखवत. ती बरी झाली, तिच्या तोंडावर एकही व्रण राहिला नाही.

दोन ऑगस्टला सकाळी रस्त्यावर रणगाडे होते. त्यानंतर विमान नाही, टपाल नाही, फोन नाही. इराकी सैनिक दुकानं रिकामी करत होते. आम्ही लॅबमध्ये जात होतो, कारण पेशंट येतच होते. हे वफ्राहून तिसऱ्या दिवशी कसेबसे परतले. मामा रोज टेलिफोनचा रिसीव्हर उचलून कानाला लावत आणि ठेवून देत. त्या दिवसांत त्यांनी वह्यांना हात लावल्याचं मला आठवत नाही.

सप्टेंबरच्या सुरुवातीला बगदादमार्गे अम्मानला जाणाऱ्या बसमध्ये आम्हा चौघांना जागा मिळाली. माणशी एक बॅग. निघायच्या सकाळी मी वर गेले तर मामांची बॅग वह्यांनी भरलेली. वाळवंटात किती दिवस लागतील ते कुणालाच माहीत नव्हतं, पोर बरोबर, मी आधीच भेदरलेली. मी दारातूनच म्हटलं, "मामा, ह्या वह्या आता पिणार आहात का?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. एकेक वही काढून नंबराने परत फळीवर लावली आणि त्या बॅगेत पाण्याचे कॅन आणि खबूस, म्हणजे तिथली रोटी, भरली. हिशेबाने माझं बरोबरच होतं. सीमेवरच्या तंबूत आम्ही सहा दिवस काढले आणि ते पाणी पुरलं. पण बरोबर असण्याचा मला आजवर काही उपयोग झालेला नाही. तंबूत मुक्ता त्यांना रोज विचारायची, "हू वॉज बॉर्न टुडे?" ते तिच्या केसांवरून हात फिरवायचे आणि सांगायचे, आता आठवत नाही.

अम्मानहून विमानाने मुंबईला उतरलो तेव्हा बाहेरच्या गर्दीत मामांचे थोरले भाऊ उभे होते. त्यांच्या डोक्यावर बोटभरही नाही असे केस होते, नुकते उगवायला लागलेले. मामांनी ते केस पाहिले आणि तिथेच ट्रॉलीच्या कडेवर बसले. आई ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात गेली होती. शेवटपर्यंत रेडिओ उशाशी घेऊन, कुवेतचं नाव आलं की सगळ्यांना गप्प करून. मी मनात मोजलं, थांबवता आलं नाही म्हणून मोजलं. जुलैच्या तिकिटावर गेले असते तर तिच्याजवळ तीन आठवडे मिळाले असते.

एक्याण्णवच्या उन्हाळ्यात कंपनीने ह्यांना परत बोलावलं, हॉस्पिटलने मला. मामा आले नाहीत. तेलविहिरी अजून जळत होत्या, भर दुपारी गाड्यांचे दिवे लावावे लागत, वाळत घातलेले कपडे काळे होत. आमच्या बिल्डिंगमधून फ्रीज, पंखे, दारांच्या कड्या, भिंतीतली बटणंसुद्धा उपटून नेली होती. मामांच्या खोलीत फक्त ती फळी होती आणि तिच्यावर एकतीस वह्या, नंबराने. लुटणाऱ्यांनाही त्यांचा काही उपयोग दिसला नव्हता. मी खाली बसून खूप रडले. त्या डिसेंबरात रजा मिळाली तेव्हा माझे कपडे मागे ठेवून सगळ्या वह्या पेटीत घातल्या आणि गुहागरकडच्या त्या गावी त्यांना नेऊन दिल्या.

मामा वाळले होते. माडांना आळी करत होते. त्यांनी वह्यांवरची काजळी पंच्याने पुसली, पण एकही उघडली नाही. जेवणं झाल्यावर ओटीवर आम्ही दोघंच होतो, तेव्हा वर्षभर मनात राहिलेलं मी बोलले. म्हटलं, मामा, तुम्हाला मी थांबवलं. तीन आठवडे मी खाल्ले तुमचे.

सुपारी कातरता कातरता ते म्हणाले, "तू पंधरा दिवस मागितलेस, सूनबाई. त्याच्या आधीची सहा वर्षं कुणी मागितली होती? आई प्रत्येक पत्रात ये म्हणून लिहीत होती. मी म्हणायचो, तारीख सापडू दे, मग थाटात जाऊ. रिकाम्या हाताने यायला मला लाज वाटायची. तिला तारीख नको होती गो. ती तर कधी विचारीतही नव्हती."

त्यांनी माझा भार हलका करायला तसं म्हटलं, की खरंच तसंच होतं, ते मला ठरवता आलेलं नाही. बहुधा दोन्ही खरं असावं. माझे पंधरा दिवस माझेच राहिले.

थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, तुझी आई कुठे असते. म्हटलं, कराडला. कशी आहे? म्हटलं, बरी आहे, गुडघे दुखतात. शेवटची कधी गेली होतीस? मला चटकन सांगता येईना. ते उठले, आत जाऊन भावाला कराडच्या एस.टी.ची वेळ विचारून आले आणि म्हणाले, सकाळी सव्वासहाला आहे, मी स्टँडवर येतो.

आले. गाडी सुटेपर्यंत खिडकीखाली उभे होते. कराडला पोचले तेव्हा आई अंगणात गहू निवडत बसली होती. मला बघून तिने सूप बाजूला ठेवलं, आणि घाबरून विचारलं, "अगं, अशी अचानक? काय काम काढलंस?"

"काही नाही गं," मी म्हटलं, आणि तिच्या शेजारी बसून गहू निवडू लागले.