आधणाचा आवाज

प्रयोगशाळेतली किटली सणसणायला लागली की मला ढोकीजवळचं आमचं घर आठवतं. दुष्काळात ऊसच नव्हता, म्हणून सहकारी कारखान्याची चिमणी थंड पडलेली, आणि रेशनच्या मिलोची, म्हणजे परदेशी लाल ज्वारीची, गाडीही आली नव्हती. तरी संध्याकाळी आई चुलीवर आधण ठेवायचीच, कारण शेजारणीची आणि आमची भिंत एकच होती आणि चूल गप्प राहिली असती तर घरात शिजवायला काही नाही हे तिला कळलं असतं. त्या दिवशी मी भिंतीला कान लावला, तर पलीकडंही पाणी खदखदत होतं. "त्यांच्यात दाळ शिजतीय," मी म्हणाले. दिवसभर खडी फोडून आलेली आई डोळे मिटून बसली होती. "न्हाय गं. दाळ टाकली की आवाज बसतो. तिचा मघापासनं बसंना. नुसतं पाणीच हाय." "मग आपलं बी तिला कळलं आसंल की!" आईनं चुलीतली लाकडं ओढून विझवली. जरा वेळानं पलीकडचा आवाजही थांबला. विश्व जन्मलं तेव्हा तेही असंच उकळलं असावं, बुडबुडे एकमेकांवर आदळले असावेत, आणि त्यातून उठलेल्या गुरुत्वीय लहरींची गुणगुण अजून उरली असावी. ती शोधण्यात माझी उमर गेली. यंत्रांच्या खरखरीत ती अजून सापडलेली नाही. नुसत्या आवाजावरून आतलं काय कळणार, असं नवी मुलं विचारतात. मी किटली तेवढी बंद करते.